विद्यापीठाचा सुवर्णकाळ नावाची सोयीची दंतकथा

मुंबई विद्यापीठात काही विपरीत घडले की आपल्याकडे एक ठरावीक लेख छापून येतो. निकाल रखडले, कुलगुरूंची निवड वादात सापडली, अधिसभेची निवडणूक ऐनवेळी पुढे ढकलली गेली. कारण कोणतेही असो, लेखाचा आराखडा तोच. वर राजाबाई टॉवरचे छायाचित्र, पहिल्या परिच्छेदात १८५७, दुसऱ्यात रानडे आणि भांडारकर, तिसऱ्यात काणे, आणि मग एक दीर्घ उसासा: कुठे ते विद्यापीठ आणि कुठे हे! दोष अर्थातच राजकारण्यांचा. लेख लिहिणारा बहुधा प्राध्यापक असतो, वाचणारेही बहुधा प्राध्यापकच असतात, आणि वाचून झाल्यावर सगळ्यांनाच बरे वाटते. कारण ह्या कथेत आपण स्वतः कुठेच नसतो.

ह्या बरे वाटण्यात बिब्बा घालावा, एवढ्याचसाठी हे टिपण. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्या स्वायत्त, ज्ञाननिष्ठ विद्यापीठाच्या ऱ्हासाबद्दल आपण गळा काढतो ते विद्यापीठ कधी अस्तित्वातच नव्हते. जे होते ते सरकारच्या छत्राखालचे परीक्षा खाते. त्या खात्याला अधूनमधून विद्यापीठपण आले ते काही माणसांनी त्याच्या सभांमध्ये आणि सभांबाहेर केलेल्या भांडणांमुळे. परंपरा म्हणून काही जपायचे असेल तर ते भांडण जपले पाहिजे. आपण प्राध्यापकांनी नेमके तेच सोडून दिले आहे.

प्रथम जन्मकथा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापण्याचे ठरले, आणि १८ जुलै १८५७ रोजी मुंबईचे विद्यापीठ कायद्याने अस्तित्वात आले. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना कंपनी सरकारने शांतपणे तीन विद्यापीठे काढली, ह्या योगायोगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. कौतुकाच्या भरात दोन गोष्टी निसटतात. पहिली, ह्या विद्यापीठाचे प्रतिमान ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज नव्हते. ते होते तेव्हाचे लंडन विद्यापीठ, म्हणजे स्वतः न शिकवता संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था. मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ साली झाली, पहिले चार बी.ए. १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ह्या चौघांनाही विद्यापीठाने शिकवले नव्हते. त्याने फक्त त्यांची परीक्षा घेतली होती. शिकवले ते महाविद्यालयांनी. दुसरी गोष्ट, मुंबईचा गव्हर्नर हाच पदसिद्ध कुलपती होता आणि अधिसभेचे सदस्य, म्हणजे त्या काळचे फेलो, सरकार नेमत असे. आज राजभवन आणि मंत्रालय ह्यांच्यात विद्यापीठावरून जी ओढाताण चालते तिचे बीज कुणा अलीकडच्या राजकारण्याने पेरलेले नाही. ते जन्मपत्रिकेतच आहे.

राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्यांनी केला. ते हिंदुस्थानात कधी आले नाहीत. मनोरा १८७८ साली पुरा झाला, पैसा शेअर-कापसाच्या तेजीतले कोट्यधीश प्रेमचंद रायचंद ह्यांचा. मनोरा सुंदर आहे, ह्याबद्दल वाद नाही. पण इथे न आलेल्या माणसाने काढलेला नकाशा इथल्या दगडात बांधणे हे त्या काळच्या विद्यापीठाचेही नेमके वर्णन ठरते. गंमत अशी, की ज्या लंडन विद्यापीठाची नक्कल आपण केली त्याने १८९८ च्या कायद्यानंतर स्वतःचे रूप पालटले आणि ते अध्यापन करणारे विद्यापीठ झाले. आपल्याकडे आज पदव्युत्तर विभाग आहेत, कलिन्याचे विस्तीर्ण आवार आहे. तरी सात जिल्ह्यांत पसरलेल्या शेकडो महाविद्यालयांतल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना विद्यापीठ भेटते ते प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर आणि गुणपत्रिकेच्या पायथ्याशी.

मराठीच्या विद्यार्थ्यांना तर ह्या सुवर्णकाळाबद्दल हळवे होण्याचे काहीच कारण नाही. स्थापनेनंतर पहिल्या दशकातच विद्यापीठाने मॅट्रिकच्या पुढच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या. त्यांची जागा संस्कृत, लॅटिन आदी 'अभिजात' भाषांनी घेतली. मराठी अभिजात नव्हती, म्हणून तिला दाराबाहेर बसवले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा महाविद्यालयांतून पेढे वाटले गेले, व्याख्याने झाली. त्या व्याख्यानांत मी एक गोष्ट ऐकू येईल म्हणून वाट पाहिली: हाच शब्द वापरून आपल्याच विद्यापीठाने आपलीच भाषा काही दशके हद्दपार केली होती. ती ऐकू आली नाही.

ती हद्दपारी संपवण्यासाठी झगडले कोण? पहिल्या चार पदवीधरांपैकीच एक. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे ज्या कामांत घालवली त्यांत विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला परत आणणे हे एक होते. त्यांनी मोर्चा काढला नाही, राजीनामा फेकला नाही. त्यांनी अधिसभेत आणि तिच्या समित्यांत युक्तिवाद केला, विरोधकांची मने वळवली, टीका सोसली, पुन्हा युक्तिवाद केला. ज्या सभेचे सदस्य सरकारने नेमलेले, जिचा अध्यक्ष सरकारचा माणूस, त्या सभेत हे घडले. रचना वाईट होती. तिच्यात बसलेल्या माणसाने ती वापरायची ठरवली. आज मराठी घेऊन एम.ए. होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पदवीमागे ते कंटाळवाणे, चिवट समितीकाम आहे. आपण रानड्यांचे तैलचित्र लावतो. समितीचे इतिवृत्त वाचत नाही.

दुसरे भांडण सभागृहाबाहेरून झाले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारला विचारले, की रयतेच्या घामातून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो? हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याच निवेदनातला दुसरा भाग मात्र क्वचित उद्धृत होतो. प्रवेश परीक्षेला खासगी रीतीने अभ्यास करून बसण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. त्याबद्दल समाधान व्यक्त करून फुल्यांनी मागणी केली, की हीच सवलत बी.ए., एम.ए. ह्या वरच्या परीक्षांनाही मिळावी. महाविद्यालयाची पायरी ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी परीक्षा हेच दार आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे ज्याला मी वर परीक्षा खाते म्हणून हिणवले त्याचीही एक लोकशाही बाजू होती, आणि ती पाहिली ती विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसाने. दूरशिक्षणातून पदवी घेणारी माझी विद्यार्थिनी, दिवसभर दुकानात उभी राहून रात्री अभ्यास करणारी, ही त्या मागणीची वारस आहे. तिचा निकाल रखडतो तेव्हा मोडतो तो फुल्यांशी झालेला एक करार, हे आपल्या ध्यानात येत नाही.

तिसरे भांडण मुंबईच्या कायदेमंडळात झाले. १९२७ साली विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अधिसभेवर मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व हवे, असा आग्रह धरला. विद्यापीठाचे काम परीक्षा घेऊन पदव्या देणे एवढेच असते तर असा आग्रह अनाठायी ठरला असता. पण उच्च शिक्षण गरजूंच्या आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कार्य असेल, तर ज्यांना त्या शिक्षणाची गरज आहे ते त्याच्या कारभारातही असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ साली ह्याच विद्यापीठाची बी.ए. घेतलेला माणूस हे बोलत होता. केवळ निवडणुकीतून वंचितांना प्रवेश मिळणार नाही, हेही ते जाणून होते. म्हणून त्यांनी नामनिर्देशनाची बाजू घेतली. नामनिर्देशन हा शब्द त्या चर्चेत कशासाठी आला होता आणि आज तो कशासाठी वापरला जातो, ह्याची तुलना वाचकांनीच करावी.

रानडे सभेच्या आत, फुले बाहेर, आंबेडकर कायदा करणाऱ्यांच्या दालनात. तिघांचे राजकारण वेगळे, पण प्रश्न एकच: विद्यापीठाचे निर्णय कोण घेणार, आणि कोणाला विचारून? माझ्या मते मुंबई विद्यापीठाची परंपरा म्हणतात ती हीच. इमारती आणि मोठी नावे हा तिचा नुसता दागदागिना.

आता ह्या प्रश्नाला कायद्यांनी काय उत्तरे दिली ते पाहू. १९०४ साली कर्झनच्या कायद्याने अधिसभेची संख्या मर्यादित केली आणि सरकारची पकड घट्ट केली; गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्याला विरोध केला, तो फुकट गेला. १९२८ च्या कायद्याने दार थोडे उघडले. स्वातंत्र्यानंतर १९५३, १९७४, १९९४ आणि २०१६ असे कायदे झाले. पैकी शेवटचे दोन माझ्या पिढीने अंगावर झेललेले आहेत. १९९४ च्या कायद्यात विद्याशाखेचा अधिष्ठाता निवडून येत असे. २०१६ च्या कायद्यात तो नेमला जातो. निवडून येणारे सगळे अधिष्ठाते विद्वान होते, असा माझा दावा नाही. निवडणुकांतली पॅनेले, जेवणावळी, 'आपल्या माणसाचे' पुस्तक अभ्यासक्रमात लावण्याची देवाणघेवाण, हे सगळे आपण पाहिलेले आहे, आणि त्याला आळा घालायचा म्हणूनच नव्या कायद्याचे समर्थन झाले. पण निवडून आलेल्या माणसाला निदान निवडणाऱ्यांच्या दारात पुन्हा यावे लागत असे. नेमलेल्या माणसाला नेमणाऱ्याकडे तेवढे पाहावे लागते. रोग खरा होता; औषधाने रोग्याची वाचाच नेली.

वाचा जाते तेव्हा काय होते, ह्याचे उदाहरण साहित्याच्या शिक्षकांनी विसरू नये. २०१० साली रोहिंटन मिस्त्री ह्यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी बी.ए.च्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढण्यात आली. १९९१ साली प्रसिद्ध झालेली, बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचलेली ही कादंबरी १९७१ च्या मुंबईत राहणाऱ्या एका पारशी बँक कर्मचाऱ्याची गोष्ट सांगते. लेखक ह्याच विद्यापीठाचा पदवीधर. शिवसेनेविषयीच्या काही उल्लेखांवर एका विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला, प्रती जाळल्या, आणि पाहता पाहता पुस्तक गेले. अभ्यास मंडळाने पुस्तकाचा फेरविचार करून, कारणे देऊन ते बदलले असते तर आपण त्या कारणांशी वाद घातला असता. तसे घडले नाही. १९९४ च्या कायद्यातील कलम १४(७) कुलगुरूंना आणीबाणीच्या प्रसंगी तातडीने निर्णय घेण्याचा अधिकार देत होते. त्याचा वापर झाला. वर्गात वर्षानुवर्षे शिकवली जाणारी एक कादंबरी एका सकाळी आणीबाणी ठरली.

मी तेव्हा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत होते. स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप खाली ठेवीत म्हणाले, "पुस्तक इंग्रजीवाल्यांचं आहे, बाई. आपण कशाला?" मी गप्प बसले. पुढच्या सत्रात मला तास मिळतील की नाही हे ठरलेले नव्हते. माझ्या गप्प बसण्याचे कारण भय हे होते, त्यांच्या बोलण्याचे कारण आळस, परिणाम एकच. नामदेव ढसाळ शिकवताना, 'सखाराम बाइंडर'च्या खटल्याविषयी सांगताना मी वर्गात अभिव्यक्तीवर तासभर बोलत असे. त्या आठवड्यातही बोलले असेन. वर्गात शौर्य आणि स्टाफरूममध्ये मौन ही आपली खरी अभ्यासपत्रिका आहे, आणि विद्यार्थी ती बरोबर वाचतात.

निषेध करणारे त्याही वेळी होते. काही इंग्रजीच्या शिक्षकांनी, एखाद्या प्राचार्यांनी जाहीरपणे आवाज उठवला. पण तो एका विभागाचा तंटा राहिला, विद्यापीठाचा प्रश्न झाला नाही. पुढे २०१६ चा नवा कायदा आला, त्यातही कुलगुरूंचा हा तातडीचा अधिकार कायम राहिला, आणि अभ्यासक्रमातील पुस्तकांना तो लागू नसावा, ही साधी मागणी आपण एकमुखाने केली नाही.

आता दुसरे उदाहरण. २०१७ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन एका फटक्यात सर्व परीक्षांना लागू केले. लाखो उत्तरपत्रिका, अपुरी तयारी, आणि महिनोन्‌महिने रखडलेले निकाल. त्या ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. सगळी चर्चा एका माणसाच्या हटवादीपणाभोवती फिरली. फार थोड्यांनी विचारले, की हा निर्णय होत असताना त्याला आडवे येऊन चार प्रश्न विचारणारी अधिसभा कुठे होती? ती नव्हती. जुन्या प्राधिकरणांची मुदत २०१५ साली संपली होती, नवा कायदा येणार म्हणून निवडणुका लांबल्या, आणि पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून आले ते मार्च २०१८ मध्ये, सगळे होऊन गेल्यावर. ज्या विद्यापीठाचे प्रमुख कार्य दीडशे वर्षे परीक्षा हेच राहिले ते परीक्षेतच कोसळले; आणि कोसळले ते सभा रिकामी असताना.

त्यातून आपण शिकलो का? त्या अधिसभेची मुदत २०२२ साली संपली. पदवीधर गटाच्या दहा जागांची निवडणूक २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर होऊन स्थगित झाली, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मतदानाच्या तोंडावर पुन्हा स्थगित झाली, आणि उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावर त्याच महिन्यात पार पडली. हिशेब मांडून पाहा: २०१५ ते २०२४ ह्या नऊ वर्षांतली सुमारे साडेचार वर्षे पदवीधरांना आपल्या विद्यापीठाच्या अधिसभेत प्रतिनिधीच नव्हता. निम्मा काळ. ह्या काळात राज्यात वेगवेगळ्या रंगांची सरकारे येऊन गेली, तेव्हा एका पक्षावर खापर फोडून मोकळे होता येत नाही.

दरम्यान वरच्या मजल्यावरचे भांडण जोरात होते. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने कुलगुरूंच्या निवडीतील राज्यपालांचा अधिकार आवळणारे आणि मंत्र्यांना प्र-कुलपती करणारे विधेयक मंजूर केले. त्याला संमती मिळाली नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने ते मागे घेतले. वर्तमानपत्रांतून, परिसंवादांतून आपल्याला विचारण्यात आले: तुम्ही राज्यपालांच्या बाजूचे की मंत्र्यांच्या? आणि आपणही आपापल्या पक्षीय कलाप्रमाणे उत्तरे दिली. हा प्रश्नच फसवा होता. सासू बरी की सून, असे विचारले की घर कोणाचे हे विचारायचे राहून जाते. राजभवनाचे विद्यापीठ आणि मंत्रालयाचे विद्यापीठ ह्यांत शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे विद्यापीठ कुठेच नाही.

मग करायचे काय? भाषणे पुरेत, म्हणून तीन अगदी साध्या मागण्या मांडते. एक: अभ्यासक्रमातील पुस्तक काढण्यासाठी कुलगुरूंचा तातडीचा अधिकार वापरता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहावे. पुस्तक जाईल ते अभ्यास मंडळाच्या बैठकीतून, लेखी कारणांसह. दोन: पुस्तक लागते तेव्हाही कारणे लेखी असावीत आणि अभ्यास मंडळाचे इतिवृत्त सर्वांना वाचायला मिळावे. ही अट सर्वांत आधी आपल्याला जाचेल, कारण काही पुस्तके का लागली ह्याचे लेखी कारण देताना आपलीच तारांबळ उडेल. म्हणूनच ती हवी. तीन: कायद्याच्या व्याख्येतला शिक्षक पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त असतो. वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारे त्या व्याख्येबाहेर आहेत. ते शिकवतात, पेपर तपासतात, पण मत देत नाहीत. १९२७ च्या युक्तिवादाने पाहिले तर आजच्या विद्यापीठातला प्रतिनिधित्वहीन वर्ग हाच आहे, आणि ज्यांची नोकरी कायम आहे त्या आपण त्यांच्यासाठी अधिसभेत एक ठराव मांडलेला नाही.

ह्यावर एक आक्षेप ठरलेला आहे: अधिसभा म्हणजे राजकीय पक्षांचा आखाडा, तिथे जाऊन विद्वानाने काय करायचे? पदवीधर गटाच्या जागा पक्षांच्या युवा संघटना लढवतात आणि जिंकतात, हे खरेच आहे. पण सप्टेंबर २०२४ च्या त्या निवडणुकीसाठी नोंदलेल्या मतदारांची संख्या तेरा-साडेतेरा हजारांच्या घरात होती. ज्या विद्यापीठातून दरवर्षी लाखोंनी विद्यार्थी परीक्षा देतात त्याचे एवढेच मतदार! नोंदणीचा अर्ज भरायला कुणी बंदी केली नव्हती. आपल्या विभागातून आजवर एम.ए. झालेल्या किती जणांना आपण त्या अर्जाविषयी सांगितले? मी सांगते माझा आकडा: दोन हजार अठरापर्यंत शून्य. पक्षांनी आखाडा बळकावला असे म्हणण्यापूर्वी आपण तो रिकामा सोडला होता, हे कबूल केलेले बरे.

विद्यापीठाच्या ब्रीदवाक्याचा आशय असा, की विद्येचे फळ शील आणि वर्तन हे आहे. पदवीदान समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर ते शोभून दिसते. फळ चाखायचे असेल तर मात्र येत्या जूनमध्ये एवढे करू: आपल्या विषयाच्या अभ्यास मंडळावर कोण आहेत, त्यांची नावे शोधून काढू, गेल्या बैठकीचे इतिवृत्त लेखी अर्ज करून मागू, आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना मतदार नोंदणी कुठे व कशी करायची ते सांगू. ह्यात हौतात्म्य काहीच नाही, कंटाळा मात्र पुष्कळ आहे. रानड्यांनाही तो आला असेल.